नऊ नंबरचा दुधी

डोळ्यांवर पट्टी बांधा, नाकात कापूस घाला आणि शंभर ताटल्या समोर मांडा; त्यातली आपल्या बायकोच्या हातची ताटली आपण पहिल्या घासाला ओळखू, असं तपासनीस छातीठोकपणे सांगत. नाकात कापूस घातल्यावर चव कशी कळणार, हे विचारायची हिंमत इमारतीत कोणाला नव्हती. माणूस बिस्किटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं चव तपासून निवृत्त झालेला! त्यांच्या जिभेच्या एका शब्दावर चालू भट्ट्या बंद पडल्या होत्या. निवृत्तीला चार वर्षं होऊन गेली तरी इमारतीतले सगळे त्यांना तपासनीस अशीच हाक मारत आणि त्यांनाही ती आवडत असे.

कारखान्यात तपासणीची एक वही असे. प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट चाखायचं आणि दोष असेल तर वहीत लिहायचा. 'कडेला करपट.' 'साखर विरघळलेली नाही.' 'सोडा बोलतोय.' दोष नसेल तर ओळ कोरी सोडायची. कोरी ओळ म्हणजे माल उत्तम. चौतीस वर्षांत तपासनीसांनी 'चांगलं' हा शब्द एकदाही लिहिला नव्हता, कारण त्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

आता ही शिस्त माणसाने कारखान्याच्या फाटकापाशी ठेवून घरी यावं की नाही? पण तपासनीस ती रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन येत. पहिला घास घेतला की नजर छताला, जीभ टाळूला आणि मग निकाल. हिंग उशिरा पडलाय. डाळ दोन शिट्ट्या कमी शिजलीय. किंवा मग काहीच नाही. वर्तमानपत्र उघडायचं आणि मुकाट्याने जेवायचं. काहीच न बोलणं ही त्यांच्या मते तोंडभरून केलेली स्तुती होती. एकतीस वर्षं ते बायकोची अशी न बोलता स्तुती करत आले होते आणि ती तिच्यापर्यंत पोचतेय, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

पोचत नव्हती. हे कळलं एका मंगळवारी सकाळी. बायको घेवडा निवडत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "एकतीस वर्षांत माझ्या हातचं काही चांगलं झालंय, असं एकदा तरी म्हणालात का हो तुम्ही?"

तपासनीसांनी तिला शांतपणे समजावून सांगितलं की नावं ठेवली नाहीत, म्हणजे चांगलंच झालेलं असतं. ती 'बरं' म्हणाली आणि शेंगांच्या शिरा ओढत राहिली. भांडली असती तर परवडलं असतं. ते 'बरं' तपासनीसांच्या डोक्यातून दोन दिवस जाईना. आपण चुकलो असं त्यांना अजून वाटत नव्हतं, पण काहीतरी राहून गेलंय एवढं जाणवत होतं. आणि इतक्या वर्षांनी एकदम उठून 'आमटी छान झालीय' म्हणायचं, म्हणजे भर रस्त्यात अंघोळ करण्यासारखं वाटत होतं. जीभ वळेचना.

त्याच आठवड्यात इमारतीच्या सेक्रेटरींनी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाककलेची स्पर्धा जाहीर केली. हे सेक्रेटरी पेशाने दातांचे डॉक्टर आणि स्वभावाने अतिउत्साही. स्पर्धेत तीन गट होते: भाजी, खमंग खाऊ आणि जुन्या-नव्याचा मेळ घातलेलं गोड. परीक्षक कोण, हा प्रश्नच नव्हता. भाजीच्या गटात सगळ्यांना एकच भाजी द्यावी आणि ती दुधी असावी, असं खुद्द तपासनीसांनीच सुचवलं. दुधीला स्वतःची अशी चव नसते, त्यामुळे करणाऱ्याचा हात उघडा पडतो, हे त्यांचं शास्त्र. ताटल्यांवर फक्त नंबर असणार होते आणि कोणता नंबर कोणाचा याची यादी डॉक्टरांकडे बंद पाकिटात. प्रत्येक ताटलीला गुण द्यायचे आणि लेखी शेराही द्यायचा. कोरी जागा अजिबात चालणार नाही, हे डॉक्टरांनी तपासनीसांना दोनदा बजावलं.

बायकोने घरी सांगितलं की तीही भाजीच्या गटात नाव देतेय. "तुम्ही परीक्षक आहात म्हणून नाही," ती म्हणाली. "मला करावंसं वाटतंय म्हणून."

तपासनीस हसून म्हणाले, "तुझी ताटली मला पहिल्या घासाला कळेल."

"कळू दे," ती म्हणाली.

इथेच तपासनीसांच्या डोक्यात बेत शिजला. कारखान्याच्या मालकाच्या मेव्हण्याचा माल ज्या माणसाने तोंडावर परत पाठवला होता, त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करायचं ठरवलं! बायकोची ताटली ओळखायची, तिला पहिला नंबर द्यायचा आणि एकतीस वर्षांचं राहून गेलेलं सगळं त्या शेऱ्यात लिहून टाकायचं. तोंडाने काही बोलायला नको. चिठ्ठी तिच्या हातात पडेल, ती घरी येऊन वाचेल, काम फत्ते.

शिवाय जाता जाता आणखी एक काम उरकणार होतं. समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंनीही भाजीतच नाव दिलं होतं. या बाईंची आणि बायकोची एके काळी इतकी गट्टी होती की एकीच्या घरी कढई चढली की दुसरी वाटी घेऊन हजर. पण सहा वर्षांपूर्वी दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये चपलांचं कपाट कोणाच्या भिंतीला लावायचं, यावरून बिनसलं आणि तेव्हापासून कडकडीत अबोला. समोरच्यांची ताटली तळाला घातली की बायको खूश होईल, असा तपासनीसांचा कयास होता. आणि ती ताटली ओळखणं तर डाव्या हातचा मळ. जेवण झाल्यावर तपासनीस फेरी मारून परत यायचे, तेव्हा पॅसेजमध्ये रोज लसणाच्या फोडणीचा वास दरवळत असे. "समोर पुन्हा लसूण जाळला," असं ते आत येऊन सांगत. बायको 'हं' म्हणे.

स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांना हॉलबाहेर काढून तपासनीस चमचा, पाण्याचा तांब्या आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन एकटे आत शिरले. आधी गोड उरकलं. चीजकेकवर गुलाबजाम बसवले होते. त्यांनी लिहिलं, 'गुलाबजाम खाली उतरून गेल्यावर केककडे बघवत नाही.' पास्त्याच्या खिरीला शेरा मिळाला, 'दूध आणि पास्ता यांची अजून ओळख व्हायची आहे.' चॉकलेटमध्ये बुडवलेल्या जिलबीला, 'जिलबीची काय चूक झाली होती?' मग खाऊ. ओट्सच्या कटलेटने त्यांची दाढ हलली. त्यावर त्यांनी लिहिलं, 'दातांच्या डॉक्टरांचा धंदा वाढावा, या हेतूने केलेलं दिसतं.' चौतीस वर्षांची लेखणी अशी भरधाव सुटली होती.

मग दुधी. अकरा ताटल्या, अकरा दुधी! पहिले तीन पाणचट निघाले. चौथ्या ताटलीतला घास तोंडात गेला आणि तपासनीसांचे डोळे आपोआप मिटले. दुधीच्या मोठ्या फोडी, हरभऱ्याची डाळ, वर ओलं खोबरं आणि गुळाचा खडा घातल्याचं पार शेवटी कळावं इतकाच गोडवा. घर! हे आपलं घर! त्यांना मंगळवारचा तो घेवडा आठवला, ते 'बरं' आठवलं, आणि त्यांनी दहापैकी दहा गुण दिले. शेरा लिहिता लिहिता चिठ्ठीची दुसरी बाजूही भरली. कधी नव्हे ते डोळ्यांत पाणी आलं होतं.

नवव्या ताटलीलाही पाणी आलं, पण ते वेगळ्या कारणाने. पातळ चकत्या, कडेने खरपूस परतलेल्या, वर ठेचलेला लसूण, लाल मिरची आणि भरडलेली मिरी. तपासनीसांना ठसका लागला. अर्धा तांब्या रिकामा झाल्यावर ते मनाशीच हसले. सापडल्या समोरच्या बाई! त्यांनी बाह्या सरसावल्या आणि नवव्या चिठ्ठीवर मन मोकळं केलं.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. डॉक्टरांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की सगळ्यांना शिकायला मिळावं म्हणून शेरे मोठ्याने वाचून दाखवणार, आणि शेरा वाचला की लगेच त्या स्पर्धकाचं नावही सांगणार. चिठ्ठ्या गुपचूप हातात मिळतील, असं तपासनीस धरून चालले होते. पण मग त्यांनी विचार केला, होऊ दे. चारचौघांत बायकोचं कौतुक होईल. आपल्याला बोलायचं नाही, डॉक्टर बोलतील. ते खुर्चीत ऐटीत बसले. शेजारी बायको होती.

गोडाचे शेरे ऐकून लोक हसले. ज्यांचे होते ते सोडून. कटलेटचा शेरा डॉक्टरांनी मोठ्या आवाजात अर्धा वाचला, मग आवाज उतरला, मग यादी बघून ते म्हणाले, "हे आमच्या घरचंच आहे." त्यांच्या सौभाग्यवतींनी तपासनीसांकडे असं पाहिलं की हलणारी दाढ पुन्हा ठणकली.

दुधीचा निकाल तळापासून सुरू झाला. डॉक्टर वाचू लागले: "नऊ नंबर. दहापैकी दोन. 'दुधीसारख्या गरीब भाजीवर एवढा राग का, ते समजलं नाही. लसूण अंगावर धावून येतो. करणाऱ्या व्यक्तीने खाणाऱ्यावर जुना सूड उगवलेला दिसतो. दोन गुण दिले, ते दुधी ताजा होता म्हणून.'"

हॉल खो खो हसला. तपासनीसांनी बायकोला कोपराने हळूच ढोसलं आणि भुवई समोरच्या बाईंच्या दिशेने उडवली. बघ कशी जिरवली! बायको मात्र हसत नव्हती. ती मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. आणि पलीकडच्या रांगेत समोरच्या बाई पदराने डोळे पुसत पोट धरून हसत होत्या. स्वतःची भाजी अशी सोलून काढल्यावर इतकं कोण हसतं?

तपासनीसांनी कोपर मागे घेतलं. डॉक्टरांनी यादी पाहिली, तपासनीसांकडे पाहिलं, माईक खाली घेतला आणि पुन्हा वर घेतला.

"नऊ नंबर म्हणजे," ते म्हणाले, "आपल्या परीक्षकांच्याच घरच्या वहिनी."

हॉलमध्ये जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला! लोक उठून उभे राहिले. याला म्हणतात परीक्षक! स्वतःच्या बायकोलाही सोडलं नाही! असा सचोटीचा माणूस आपल्या इमारतीत राहतो, असं डॉक्टर माईकवरून गहिवरून म्हणाले आणि त्यांनी तपासनीसांना उभं राहायची विनंती केली. तपासनीस उभे राहिले. हात जोडले. आयुष्यात एवढ्या टाळ्या त्यांना कधी मिळाल्या नव्हत्या आणि त्यातली एकेक टाळी गालावर बसत होती. शेजारच्या खुर्चीकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.

पुढच्या नऊ ताटल्या कोणत्या आणि कोणाच्या, हे त्यांना आजही सांगता येणार नाही. कान उघडले ते थेट चार नंबरला.

"दहापैकी दहा," डॉक्टर म्हणाले आणि घसा साफ करून त्यांनी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू वाचल्या. "'या हातचं जेवण ज्याला रोज मिळतं, तो माणूस भाग्यवान आहे. त्याने हे आजवर बोलून दाखवलं नसेल, तर तो करंटा आहे, दगड आहे. मी तो माणूस असतो, तर या हातांची क्षमा मागितली असती. मला दुसऱ्या कोणाच्या हातचं कधी खावंसं वाटलं नाही आणि वाटणारही नाही.'"

हॉलमध्ये बायकांनी सुस्कारे सोडले. डॉक्टरांनी यादीवरून नाव सांगितलं. चार नंबर समोरच्या बाईंचा होता.

समोरच्या बाईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. निकाल ऐकून ते आनंदाने टाळ्या वाजवायला उठले होते, ते शेऱ्याचा अर्थ डोक्यात शिरेल तसे सावकाश खाली बसले. बाईंनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "ऐकलंत? परक्या माणसाला कळतं." त्यावर यजमानांनी तपासनीसांकडे पाहिलं, ते बिघडलेल्या लिफ्टकडे बघावं तसं. कुठे हात घालावा, असा विचार करत.

एका वाक्यात सगळं सावरता आलं असतं. उठून एवढंच सांगायचं होतं की हे सगळं मी माझ्या बायकोसाठी लिहिलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे आधी लबाडी कबूल करायची आणि वर हेही कबूल करायचं की एकतीस वर्षं जेवून मला तिचा हात ओळखता येत नाही. आत्ताच सचोटीच्या टाळ्या घेतलेल्या. तपासनीस सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागले. बायकोनेही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी ती वाजवत होती.

कप घेऊन समोरच्या बाई सरळ त्यांच्या खुर्च्यांपाशी आल्या. सहा वर्षांनी.

"वहिनी, रीत तुमची आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलीत मला. हा कप तुमचा."

"माझी नाही हो," बायको म्हणाली. "ती यांच्या आईची रीत. मी नुसती करते."

"मग नऊ नंबर?"

"ती माझी."

दोघींनी एकदमच तपासनीसांकडे पाहिलं. मग त्यांना तिथेच सोडून त्या टेबलापाशी गेल्या आणि समोरच्या बाईंनी नऊ नंबरच्या ताटलीतल्या गार झालेल्या चकत्या बोटांनी उचलून खाल्ल्या. "अहो, किती छान झालीय!" त्या तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या. इतकं सोपं होतं ते. एकतीस वर्षांत ज्यासाठी तपासनीसांची जीभ वळली नाही, ते समोरच्या बाई घास चावता चावता बोलून मोकळ्या झाल्या. बायको लाजली. तपासनीसांनी तिला लाजताना शेवटचं कधी पाहिलं होतं, हे त्यांना आठवेना. लिफ्टमधून वर जाताना दोघी सहा वर्षांचं तुंबलेलं बोलत होत्या आणि तपासनीस कोपऱ्यात रिकामी भांडी धरून उभे होते.

घरात आल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. चार नंबर तिचा समजून लिहिलं, नऊ नंबर समोरच्यांचा समजून लिहिलं.

"ते कळलं मला," बायको म्हणाली. "समोरच्यांच्या हातांची क्षमा तुम्ही कशाला मागाल? म्हणजे लबाडी केलीत."

"हो."

"आणि तीही धड जमली नाही."

तपासनीसांनी रिकामी भांडी ओट्यावर ठेवली. मग त्यांनी विचारलं की तिने स्पर्धेत रोजच्यासारखी भाजी का केली नाही. ती भांडी जागच्या जागी लावत बोलत राहिली. तिला गोड भाजी आवडत नाही. कधीच आवडली नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने तिच्या पद्धतीने दुधी केला होता, त्यावर त्यांनी नजर छताला लावून 'आई गूळ घालते' एवढंच म्हटलं होतं. तेव्हापासून गूळ पडतोय. ते जेवून फेरीला गेले की ती स्वतःपुरती भाजी कढईत काढून घेते आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी देते.

"म्हणजे तो वास..." तपासनीस म्हणाले.

"आपल्याच घरचा," ती म्हणाली.

तपासनीस स्टुलावर बसले. लाज म्हणजे काय, हे त्यांना आतापर्यंत ऐकून माहीत होतं. आता ती कानांच्या पाळ्यांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरत गेली. हजारो ताटं तपासली, हिंग किती उशिरा पडला तेही सांगितलं, आणि ज्या बाईने ती वाढली तिचं स्वतःचं ताट एकदाही पाहिलं नाही. आपण फेरीला गेल्यावर ती जेवते, एवढंच ठाऊक होतं. काय जेवते, हे विचारावंसंही वाटलं नव्हतं. तोंड लपवायला जागा शोधावी, तर स्वयंपाकघर केवढंसं.

"उद्या मला ती कर," ते खाली बघत म्हणाले. "नऊ नंबरची."

"झेपणार नाही तुम्हाला."

"कर तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीसांनी वर्तमानपत्र दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि तिलाही ताट घेऊन शेजारी बसायला लावलं. तिने वाढलं. त्यांनी घास घेतला. नजर सवयीने छताकडे निघाली होती, ती त्यांनी ओढून खाली आणली. लसूण नाकात गेला, मिरी घशात गेली, मिरची कुठे गेली ते देव जाणे. कपाळावर घामाचे थेंब आले, नाक वाहू लागलं. बायको बघत होती. तपासनीसांनी घास गिळला, पाण्याला हात लावला नाही आणि सगळा धीर गोळा केला.

"छान झालीय," ते म्हणाले.

"खोटं बोलताय."

तपासनीसांनी मान खाली घातली. "हो," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्या ताटात आणखी दोन चमचे भाजी वाढली आणि स्वतःचं ताट पुढे ओढलं.

"असू दे," ती म्हणाली. "पुन्हा एकदा म्हणा."